बोट रस्त्यावर, इंजिन फळीवर

शंका : मी जालन्यात बियाण्यांचा व्यवसाय करतो. मुंबईला नोकरीत असताना शिडाच्या बोटीचा नाद लागला, तो काही सुटला नाही. आता तिकडच्याच एका गृहस्थांकडून १५ फुटी फायबरची जुनी शिडाची बोट घेतली आहे. डोलकाठी काढता येते. मागे ब्रॅकेटवर ६ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, आहे आणि ट्रेलरही सोबत मिळाला आहे. समृद्धी महामार्गानं जीपच्या मागे लावून बोट आणायची आहे. विकणारे म्हणतात, इंजिन काढायची गरज नाही, वर उचलून खटक्यावर अडकवा, आम्ही कायम असंच नेलं. माझा मेकॅनिक म्हणतो, काढाच. कुणाचं ऐकू? — एक वाचक, जालना

समाधान : मेकॅनिकचं ऐका. ६ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन २७ किलोच्या आसपास भरतं. दोघांना ते सहज उचलता येतं. जे इंजिन हातानं उचलता येतं ते रस्त्यावर बोटीला टांगून न्यायचं नाही, हा मी स्वतःपुरता घालून घेतलेला नियम आहे आणि इतकी वर्षं बोटी दुरुस्त करताना तो बदलावा असं एकदाही वाटलं नाही.

ओबीएम पाण्यासाठी घडवलेलं यंत्र आहे. पाण्यात पंखा पाणी मागे लोटतो आणि इंजिन बोटीच्या मागच्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, पुढे रेटतं. हा रेटा एकसारखा आणि एकाच दिशेचा असतो, फळी तेवढ्यासाठीच बांधलेली असते. रस्त्यावर असा रेटा नसतो, तिथे असतात वरखाली बसणारे हिसके. चाक खड्ड्यात गेलं की क्षणभर इंजिनाचं वजन दुप्पट-तिप्पट होऊन फळीवर येतं. त्यात तुमचं इंजिन थेट फळीवर नाही, ब्रॅकेटवर आहे, म्हणजे फळीपासून आणखी वीतभर मागे. पाण्यानं भरलेली बादली अंगाशी धरली तर विहिरीपासून घरापर्यंत नेता येते. तीच हात लांब करून धरा, चार पावलांत खांदा भरून येतो. ब्रॅकेटचे चार बोल्ट मुंबईपासून जालन्यापर्यंत त्या लांब केलेल्या हातासारखे काम करत राहतील. ते एकदम तुटत नाहीत. फळीतली भोकं आधी थोडी मोठी होतात, मग त्यांतून पाणी आतल्या प्लायवूडला लागतं, आणि दोन पावसाळ्यांनी फळी आतून कुजलेली निघते. तेव्हा त्या प्रवासाची आठवणही कुणाला राहिलेली नसते. विकणारे गृहस्थ खोटं बोलत नसतील. नुकसान एवढं सावकाश होतं की त्याचा त्या सवयीशी संबंध कुणी लावत नाही. बोट घरी आल्यावर ब्रॅकेट सोडवून भोकांच्या आत बोट घालून बघा. लाकूड ओलं, काळं किंवा भुसभुशीत लागलं तर मला पुन्हा लिहा.

आता त्या खटक्याबद्दल. इंजिन उभं असताना त्याचा पाय बैठकीतल्या जाड पिनेला टेकलेला असतो. वर उचलून खटक्यावर अडकवलं की सगळा भार एका लहानशा खटक्यावर येतो आणि लांब पाय मागे हेलकावत राहतो. हा खटका बोट उभी असताना किंवा उथळ पाण्यात पंखा वर धरायला दिलेला आहे. रस्त्यावर नेताना तो वापरू नका, असं कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण हिसक्यानं खटका सुटून इंजिन खाली आदळू शकतं. मागून मोटारसायकल येत असेल तर पुढचं सांगायला नको.

इंजिन काढण्याआधी ते सुरू करा, पेट्रोलची नळी सोडा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालू द्या. चालवताना पाण्याचा पुरवठा हवाच. बंद झाल्यावर थोडा वेळ उभंच ठेवा, म्हणजे आतलं थंड करणारं पाणी गळून जाईल. आडवं ठेवताना फोर-स्ट्रोकला बाजूचं पथ्य असतं. झाकणावर किंवा बाजूला कोणती बाजू खाली ठेवायची याची खूण असते, बहुतेक ती हॅण्डलची बाजू असते. उलट्या बाजूनं ठेवलंत तर तेल सिलिंडरमध्ये जातं आणि पुढच्या वेळी दोरी ओढताना इंजिन जाम लागतं. डोक्याकडची बाजू पंख्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका, पायात उरलेलं पाणी वर चढतं. खाली जुनी गादी किंवा गोणपाटाची चवड घालून इंजिन जीपमध्ये पट्ट्यानं बांधा. पेट्रोलची टाकी मात्र बंद गाडीत नको. टाकी रिकामी करा, झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करा आणि ती उघड्यावर सावलीत बांधा. जालन्यात पोचल्यावर ताजं पेट्रोल मिळतंच.

इंजिन काढलं की एक गोष्ट बदलते, ती कुणी सांगत नाही. ट्रेलरचा तोल बदलतो. ट्रेलरच्या दांड्याचा गाडीच्या हुकवर पडणारा भार बोटीसकट ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के असावा. समजा बोट आणि सामान २५० किलो, ट्रेलर १७० किलो, एकूण ४२०. म्हणजे हुकवर २१ ते ४२ किलो यायला हवेत. इंजिन चाकांच्या आसापासून मागे १.८ मीटरवर आणि हुक आसापुढे ३ मीटरवर असेल, तर २७ किलोचं इंजिन हुकवरचा भार साधारण १६ किलोंनी हलका करत होतं. ते काढलं की तेवढा भार हुकवर वाढला. आधी २५ होता तर आता ४१, म्हणजे अगदी काठावर. मग नांगर, साखळी, वल्ही हे सामान आसाच्या जरा मागे सरकवा. हे मोजायला महागडं उपकरण लागत नाही. मोंढ्यात ज्या काट्यावर पोती ठेवतात तो काटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, दांडा गाडीच्या हुकइतक्या उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवा, दांडा त्यावर टेकवा, आणि ठोकळ्याचं वजन वजा करा. तुमच्या धंद्यात काटा हाताशी असतोच. मुंबईत निघण्यापूर्वी एकदा मोजून घ्या.

भार ५ टक्क्यांहून कमी पडला तर काय होतं ते तुम्हाला कळायलाच हवं, कारण ते वेगात होतं. ट्रेलर शेपूट हलवू लागतो. आधी थोडा डावीकडे, मग उजवीकडे, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. माणूस घाबरून ब्रेक दाबतो किंवा स्टीअरिंग उलटं फिरवतो, आणि ट्रेलर गाडीलाच आडवी करतो. असं झालं तर स्टीअरिंग सरळ घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडीला आपोआप मंदावू द्या. नंतर थांबून सामान पुढे सरकवा.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून मुंबईच्या बाजूनं थेट चढता येतं. रस्ता काँक्रीटचा आणि सरळसोट आहे, मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, त्यामुळे ट्रेलर मागे आहे हेच विसरायला होतं. ७० च्या वर जाऊ नका, डाव्या लेनमध्ये राहा. लहान ट्रेलरची चाकं लहान असतात, त्याच वेगाला ती मोटारीच्या चाकांपेक्षा कितीतरी जास्त फेरे घेतात आणि तापतात. बोटीच्या ट्रेलरचं टायर झिजून नव्हे तर उभं राहून मरतं. टायरच्या कडेला चार आकडे शोधा. २३१९ असेल तर ते २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेलं आहे. सहा वर्षांहून जुनं टायर, कितीही नक्षी शिल्लक असली तरी, या प्रवासाला नको. हवा निघण्यापूर्वी, चाकं गार असताना भरा. पहिला थांबा २०-२५ किलोमीटरवर घ्या आणि दोन्ही हबना तळहात लावा. कोमट ठीक. चटका बसला तर बेअरिंग कोरडं आहे, तिथून पुढे जाऊ नका.

राहिले कागद. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन धरलं जातं, त्याची स्वतःची नोंदणी लागते. ‘सोबत मिळाला’ एवढ्यावर थांबू नका, त्याची कागदपत्रं मागून घ्या आणि नावावर करा. आडवी ठेवलेली डोलकाठी ट्रेलरच्या मागे डोकावत असेल तर ती पुढे सरकवून बांधा. टोकाला दिवसा लाल फडकं, रात्री लाल दिवा. खरं तर रात्री निघूच नका.

शंका : आमचं गाव घनसावंगी तालुक्यात गोदाकाठी आहे. गेल्या वर्षीच्या पुरानंतर आम्ही मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून १६ फुटी फायबर बोट आणि २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम घेतलं. गावातल्या वेल्डरनं दोनचाकी गाडा करून दिला, तो ट्रॅक्टरला जोडतो. परवा बोट नदीवर नेताना इंजिनाचा पाय गतिरोधकाला घासला. नंतर पाहिलं तर मागच्या फळीच्या आतल्या बाजूला कोपऱ्यापासून वीतभर भेग दिसली. फायबरची लांबी भरून चालेल का? आणि इंजिन दरवेळी काढत बसलो तर पुरात वेळ जाईल, त्याचं काय करावं? — मंडळाचे कार्यकर्ते

समाधान : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुमची बोट हौसेची नाही. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीतून ३ लाख क्युसेकहून जास्त पाणी सोडलं गेलं तेव्हा अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतल्या गोदाकाठानं काय पाहिलं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही स्वतःच्या पैशानं बोट घेतलीत याचं मला फार मोल वाटतं. म्हणूनच स्पष्ट लिहितो. ती भेग दुरुस्त होईपर्यंत ही बोट माणसं भरून पाण्यात उतरवू नका. लांबी भरून मुळीच चालणार नाही.

हीच चूक मी केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बंधाऱ्यावर बोट न्यायची होती. इंजिन काढायचा कंटाळा केला, वर उचलून दोरीनं बांधलं आणि कच्च्या रस्त्यानं १२-१३ किलोमीटर नेलं. पोचल्यावर फळीवर केसासारखी रेघ दिसली होती. रंगाची असेल म्हणून सोडून दिली. पाण्यात चौघं बसलो, इंजिन सुरू केलं, आणि मधल्या धारेत जोर दिल्याबरोबर ती रेघ उघडली. इंजिन मागे झुकलं आणि पाणी आत आलं. काठ जवळ होता, वल्ही होती, म्हणून परतलो. बोटीत माझा धाकटा भाऊ होता. तेव्हापासून फळीवरची कुठलीही रेघ मी रंगाची मानत नाही.

भेग किती खोल आहे हे घरीच तपासता येतं. हातोडीच्या लाकडी दांड्यानं फळीवर सगळीकडे हलकं टकटक करा. चांगली जागा खणखणीत बोलते, कुजलेली किंवा सुटलेली बद्द आवाज देते. बद्द आवाजाचा भाग खडूनं आखून घ्या. मग इंजिन बसवलेलं असताना त्याचा पाय हातानं मागेपुढे हलवा आणि दुसऱ्यानं फळीकडे पाहावं. फळी नुसती हलताना दिसली तरी ती गेली. आतलं प्लायवूड ओलं असेल तर ते कापून काढावं लागतं, नवं मरीन प्लायवूड घालावं लागतं, कोपऱ्यांत फायबर तळापर्यंत आणि बाजूंच्या भिंतींपर्यंत चढवावं लागतं. हे काम फायबरचा अनुभव असलेल्याकडूनच करून घ्या. आपल्याकडचा एप्रिल-मे या कामाला उत्तम, लाकूड खडखडीत वाळतं आणि रेझिन नीट पकडतं. पावसाळ्यात ओल्या लाकडावर फायबर चढवलं तर ते पापुद्र्यासारखं सुटून येतं.

आता इंजिन न्यायचं कसं. २५ चं टू-स्ट्रोक ५० किलोंच्या पुढेमागे असतं. दोघे-तिघे ते उचलू शकतात, पण भर पावसात, अंधारात, चिखलात फळीवर बसवताना हातातून निसटलं तर इंजिन गेलंच. म्हणून तुमच्यासाठी माझा पहिला नियम थोडा वाकवतो. दुरुस्तीला शहरात न्यायचं असेल, लांबचा रस्ता असेल, तर काढून न्या, घाई नसते. शेडपासून नदीपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरसाठी फळीवरच राहू द्या, पण त्याचा भार गाड्याच्या चौकटीवर द्या.

त्यासाठी एक टेकू लागतो. जालन्याच्या सळ्या देशभर जातात, गल्लोगल्ली फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, कुठलाही वेल्डर हा टेकू अर्ध्या दिवसात करून देईल. ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप घ्या. त्याच्या वरच्या टोकाला ५ मिलिमीटरच्या पट्टीची इंग्रजी व्ही आकाराची बैठक जोडा आणि तिच्यात जुन्या टायरचं रबर बसवा. खालचं टोक गाड्याच्या अगदी मागच्या आडव्या चॅनेलला पिनेनं जोडा, म्हणजे टेकू वरखाली फिरेल पण निसटणार नाही. इंजिन इतकंच उचला की पंखा रस्त्यापासून हातभर वर राहील, पाय बैठकीत टेकवा आणि पट्ट्यानं खाली आवळा. पूर्ण वर उचलू नका.

यात एक चूक सगळे करतात. टेकू बसवतात आणि बोटीला गाड्यावर नुसती पुढून दोरी बांधतात. मग गतिरोधकावर बोटीचा मागचा भाग उडतो आणि परत बसताना इंजिनाचा पाय टेकूवर आपटतो. हा दणका थेट फळीत जातो, म्हणजे टेकूनंच फळी फुटते. फळीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांतून रॅचेटचे दोन पट्टे गाड्याच्या चॅनेलला ताणून बांधा. बोट आणि गाडा एका अंगाचे झाले पाहिजेत. तुमच्या पत्रात पट्ट्यांचा उल्लेख नाही. माझा अंदाज आहे की भेग गतिरोधकानं पडली नाही. ती आधीपासून वाढत होती आणि गतिरोधकानं फक्त दाखवली.

गाड्याला पाटे आहेत का तेही कळवा. गावाकडे केलेल्या बऱ्याच गाड्यांना आस थेट चौकटीला वेल्ड केलेला असतो. असा गाडा खड्ड्याचा प्रत्येक हिसका जसाच्या तसा वर देतो. जुन्या गाडीचे हलके पाटे मिळाले तर बसवून घ्या. फार जड पाटे नकोत, रिकाम्यात ते दगडासारखे वागतात. बोट गाड्यावर दोन खिळ्यांवर टेकलेली नसावी, तिच्या पोटाखाली लांब लाकडी सरी असाव्यात आणि त्यांतली एक जोडी बरोबर फळीच्या खाली पोचावी. फळी गाड्याच्या मागे हवेत लोंबत असेल तर वरचं सगळं व्यर्थ आहे.

हॅण्डल दोरीनं मधोमध बांधा, नाहीतर इंजिन वळणावर डावीउजवीकडे झुलतं. बैठकीचे दोन्ही स्क्रू हिसक्यांनी ढिले होतात, शेडमधून निघताना आणि नदीवर पोचल्यावर दोन्ही वेळा आवळा. फळीतून आरपार दोन बोल्ट घालायची सोय असेल तर तेही घाला. पंख्यावर गोणपाट गुंडाळून वर लाल फडकं बांधा. पंख्याची पाती लहान मुलांना लागतील अशा उंचीवर येतात आणि बोट निघाली की गावातली पोरं मागे धावतातच.

पुराच्या दिवशी इंजिन सुरू झालं पाहिजे, ही खरी गोष्ट. दर महिन्याला एकदा २०० लिटरच्या पिंपात पाणी भरून इंजिन त्यात उभं करा आणि दहा मिनिटं चालवा. पिंपातलं पाणी इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या जाळीच्या बरंच वर हवं. मागून पिचकारी येते का पाहा. येत नसेल तर लगेच बंद करा, आतला रबरी पंखा वाळून गेला असेल. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते हे मला ठाऊक आहे, पण तेच पाणी नंतर गाळून झाडांना घालू नका, त्यात तेल असतं. पुढच्या महिन्यासाठी झाकून ठेवा. पेट्रोल साठवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं आणि टाकीच्या तळाशी पाणी साचतं. महिन्याचं जुनं झालं की मोटारसायकलमध्ये घालून संपवा आणि ताजं भरा. तेलाचं प्रमाण तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतलंच धरा, शेजारच्या गावातल्या इंजिनाचं नाही.

आणि जाकिटं. पत्रात त्यांचाही उल्लेख नव्हता. बोटीत जितकी माणसं तितकी जाकिटं, शिवाय वर दोन. वर्गणी पुन्हा काढावी लागली तरी काढा.

शंका : परतूरकडच्या भागात निम्न दुधना धरणाच्या जलाशयावर शाळेच्या मुलांना शिडाची छोटी बोट दाखवायची आहे. डोलकाठी साडेसहा मीटर उंच आहे. उभी करायला अर्धा तास लागतो, म्हणून वस्तीवरच उभी करून पाण्यापर्यंतचे तीनशे मीटर ट्रॅक्टरनं हळूहळू नेली तर चालेल का? — एक शिक्षक

समाधान : नाही गुरुजी. पाच पावलंही नेऊ नका.

धरणाच्या काठावर काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. शेतकऱ्यांचे पंप, त्यांच्या डीपी, आणि डीपीपर्यंत आलेली ११ केव्हीची लाइन. पाणी ओसरलं की पंप पुढे सरकतात आणि वायरही त्यांच्यामागे येते, कधी बांबूवर, कधी बाभळीवर. पाणी वाढलं की तीच तार पाण्याच्या आणखी जवळ येते. खांब कलतात, तारा झोळतात. तुमची डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिला आधार देणाऱ्या तारा स्टीलच्या, ट्रेलरवर बोटीची उंची आणखी मीटरभर. म्हणजे टोक जमिनीपासून साडेसात मीटरवर. ११ केव्हीच्या तारेला चिकटायचीही गरज नाही, पुरेसं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. त्या वेळी ट्रेलर ढकलायला चार मुलं हात लावून उभी असतील.

डोलकाठी पाण्याच्या काठावर, उघड्या जागी उभी करा. आदल्या दिवशी स्वतः जाऊन ती जागा बघा. मान वर करून चारी बाजूंनी, आणि बोट जिथे जिथे जाईल त्या पाण्यावरही. काही ठिकाणी लाइन पाणी ओलांडून पलीकडे जाते, तिथे शिडाची बोट न्यायचीच नाही. शंका असेल तर महावितरणच्या लाइनमनला सोबत घ्या, तो आनंदानं येईल. अर्धा तास लागतो म्हणता, तर तो अर्धा तास मुलांना शिकवण्यातच घाला. काठी कशी उभी राहते, तार का ताणायची, परमान कशाला म्हणतात, सुकाणू पाण्यात असताना बोट का वळते. शीड वर चढण्याआधीच निम्मा धडा होऊन जातो.

शंका : माझ्या मुलीला नाथसागरावर शिडाची बोट चालवायची आहे. आम्ही अंबडला राहतो. बोट घाणेवाडीला किंवा नाथसागराला कुठेही नेता येईल ना? इंजिन फक्त वारा पडला तर लागेल. — एक आई

समाधान : ताई, वाटेल तिथे नेता येणार नाही. नाथसागर म्हणजे जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्याचं क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर आहे. तिथे बोट घालायला वनविभागाची लेखी परवानगी हवी आणि धरण जलसंपदा विभागाचं, म्हणून त्यांचीही. आधी परवानगी, मग ट्रेलर. हिवाळ्यात तिथे रोहित, चक्रवाक, तऱ्हेतऱ्हेची बदकं उतरतात. उथळ कडेच्या गाळातच ती चरतात, आणि शिकाऊ हातांची बोट नेमकी त्याच कडेला जाते. इंजिन लावलं की सगळा थवा उठतो. मुलीला पक्षी ओळखायला शिकवलंत तर ती स्वतःच लांबून वळेल. घाणेवाडीचं पाणी जालनेकरांच्या पिण्याचं आहे, तिथे पेट्रोलचं इंजिन नको, एवढं मी माझ्याकडून सांगतो.

इंजिन लावलेली बोट कायद्यानं यांत्रिक जलयान ठरते, आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली तिला नोंदणी लागते. इंजिन फक्त वारा पडल्यावर वापरणार, यानं त्यात फरक पडत नाही. शिकायची सुरुवात म्हणून मुलीला आधी नुसतं शीड आणि दोन वल्ही द्या. वारा पडला की वल्हवत काठाला येणं हा शिक्षणाचाच भाग आहे.

एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात बोट नेताना जलपर्णी सोबत नेऊ नका. तिचा एक तुकडा पंख्यात, ट्रेलरच्या चॅनेलमध्ये किंवा दोरीच्या वेटोळ्यात अडकून जातो आणि नव्या तळ्यात पसरतो. गोदावरीत नाशिककडे तिनं काय केलंय ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पाण्यातून काढल्यावर तिथेच काठावर तुकडे वेचा, बूच काढून आतलं पाणी सांडा, इंजिन उभं करून गळू द्या, आणि दुसरीकडे नेण्यापूर्वी बोट चार-पाच दिवस उन्हात वाळू द्या. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

शंका : ट्रेलरची बेअरिंग दर मोसमाला जातात. ग्रीस भरूनही जातात. कारण काय? — एक वाचक, भोकरदन

समाधान : ग्रीस भरता, पण चाकं तापलेली असतानाच ट्रेलर पाण्यात घालता. ३० किलोमीटर पळून आलेला हब गरम असतो, आतली हवा फुगलेली असते. तो गार पाण्यात गेला की हवा एकदम आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत खेचलं जातं. ग्रीसमध्ये पाणी मिसळतं, ते दुधाळ होतं, आणि महिन्याभरात बेअरिंगवर गंज चढतो. काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबा. तेवढ्यात डोलकाठी उभी करा, पट्टे सोडा, इंजिन बसवा. हबला हात लावा, गार लागला की मग ट्रेलर पाण्यात सोडा, आणि जमलं तर हब बुडणार नाहीत एवढाच. मोसम संपल्यावर दोन्ही हब उघडून जुनं ग्रीस रॉकेलनं पूर्ण धुवा. जुन्यावर नवं भरलं तर आतलं पाणी आतच राहतं. सील दर वर्षी नवं घाला, बेअरिंगच्या मानानं ते फार स्वस्त असतं.